पिन काढून बघितलं का?

पहाटे पावणेसहाला फोन वाजला तर आमच्या घरात कुणी दचकत नाही. "मॅडम, शॉक मशीन चार्जच होत नाहीये." आवाज रात्रपाळीच्या सिस्टरचा. डोळे न उघडताच मी विचारते, "पेशंटवर आहे का?" नाही म्हणाली की जरा उठून बसते आणि दुसरा प्रश्न, "लाईट आहे का तिकडे?"

"नाही ना, रात्री दोनपासून गेलीये. जनरेटर आत्ता बंद केला."

मग अर्धं निदान अंथरुणातच होतं.

मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मला एकोणीस वर्षं झाली. पहिली सहा वर्षं एका डीलरकडे सर्व्हिसला होते, आता स्वतःचं काम करते. रत्नागिरीपासून खाली सावंतवाडीपर्यंत वीसेक छोटी हॉस्पिटलं माझ्याकडे आहेत. कुणाचा ईसीजी, कुणाचा मॉनिटर, कुणाचा सिरिंज पंप. पण ज्या मशीनसाठी पहाटे फोन येतो ते एकच, डीफिब, म्हणजे नुसत्या थरथरणाऱ्या हृदयाला शॉक देऊन ठोक्यावर आणणारं डीफिब्रिलेटर. वर्षातले तीनशे साठ दिवस ते क्रॅश कार्टवर, म्हणजे तातडीच्या सामानाच्या ट्रॉलीवर, नुसतं बसून असतं. उरलेल्या पाच दिवसांत, त्या पाच मिनिटांत ते चाललं नाही तर मग त्याच्याबद्दल लोक वर्षभर बोलतात.

आत काय असतं ते थोडक्यात सांगते. बॅटरी बारा-चौदा व्होल्टची. तिच्यातून मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून एकदम सोडणारा भाग, भरायचा. जुन्या मोनोफेजिक, म्हणजे एकाच दिशेने शॉक देणाऱ्या मशीनमध्ये तो चार-पाच हजार व्होल्टपर्यंत जायचा, आताच्या दोन्ही दिशांनी देणाऱ्या बायफेजिकमध्ये दोन हजारांच्या आसपास. भरून झालं की टुंई असा आवाज येतो, छातीवर टेकवलेल्या दोन्ही पॅडलवरची बटणं एकदम दाबायची, आणि साठवलेलं सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास छातीतून निघून जातं. एका शॉकची एनर्जी दोनशे जूल धरली तर ती म्हणजे तरी किती? वीस किलोची तांदळाची गोणी कमरेपर्यंत उचलायला लागते तेवढी ताकद. जास्त नाहीच. पण ती एका क्षणात द्यायची असते, आणि त्याआधी पाच-सात सेकंदांत गोळा करायची असते. घोळ होतो तो या गोळा करण्यात.

तर त्या सकाळी मी स्कूटर काढून गेले. क्रॅश कार्ट भिंतीला चिकटवून ठेवलेली. ती पुढे ओढली. मागे बोर्ड, बोर्डवर तीन पॉइंट. एकात सक्शनची पिन, एकात डास पळवायचं मशीन, एकात कुणाचा तरी मोबाइल चार्जर. डीफिबची पिन खाली लोंबकळत होती, आणि तिच्यावर जमलेली धूळ बघता ती कालपरवाची नव्हती.

मी कुणाला बोलले नाही. बोलून उपयोग नसतो, सगळे एकमेकांकडे बघतात. वॉर्डातले मामा म्हणाले, "मॅडम, मशीन तर रोज चालू व्हायचं." बरोबरच आहे. स्क्रीनला लागतं किती? जेमतेम बॅटरी असली तरी स्क्रीन उजळते, घड्याळ दिसतं, ईसीजीची आडवी रेघ धावते. हिरवा दिवा बघून सगळ्यांना वाटतं की मशीन तयार आहे. कपॅसिटर भरायला मात्र बॅटरीतून दहा अँपिअरच्या पुढे करंट ओढला जातो. म्हातारी बॅटरी मल्टिमीटरवर साडेबारा व्होल्ट दाखवते, चार्जचं बटण दाबलं की नऊवर कोसळते, आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. आमच्या गावाकडच्या भाषेत सांगायचं तर खाटेवर बसून गप्पा मारायला आजोबा ठणठणीत, पण जिना चढायला सांगितला की संपलं.

म्हणून माझी टेस्ट सोपी आहे. पिन काढायची. मशीन बॅटरीवर चालू करायचं. एनर्जी सगळ्यात वरच्या आकड्यावर. हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. चार्ज, आवाज येईपर्यंतचे सेकंद लिहायचे, ॲनालायझरवर, म्हणजे शॉक मोजायच्या यंत्रावर, शॉक, परत चार्ज. नव्या बॅटरीवर सहा-सात सेकंद येतात आणि दहाव्या शॉकलाही तेवढेच राहतात. त्या सकाळी, पिन लावून चार तास चार्ज केल्यानंतर, पहिला शॉक नऊ सेकंदांत आला, दुसरा चौदा, तिसऱ्याला स्क्रीन काळी. मोठ्या डॉक्टरांना व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले, "पण पिन लावल्यावर चालतंय ना?"

चालतंय. पेशंट तिसऱ्या मजल्यावरून लिफ्टने खाली आणताना लिफ्टमध्ये पॉइंट कुठे आहे, एवढंच मी विचारलं.

पुढची घासाघीस नेहमीची. कंपनीच्या बॅटरीची किंमत ऐकून डॉक्टर म्हणाले, "एवढ्यात माझ्या घरच्या इन्व्हर्टरच्या दोन येतील." त्यांचंही अगदीच चूक नाही, या बॅटऱ्यांच्या किमती ऐकून माझाही जीव वर होतो. पण बाजारातली त्याच मापाची बॅटरी घालून दिलेली मशीनं मी पाहिली आहेत. माप तेच, पण आत झटक्यात करंट द्यायची ताकद वेगळी. अलार्मच्या पॅनेलला ती चालते, इथे नाही. शिवाय दोन-तीन वर्षांनी बदलायची म्हणजे बदलायची, "अजून चालतेय" हा निकष इथे लागू नाही. बॅटरीवर घातल्याची तारीख मी मार्करने लिहून ठेवते. चार हॉस्पिटलांत तरी ही तारीख वाचून डॉक्टरांनी स्वतःहून फोन केलाय.

डीफिबची गोष्ट सुरुवातीपासून बॅटरीचीच आहे खरं तर. १९४७ साली क्लीव्हलंडला क्लॉड बेक यांनी एका चौदा वर्षांच्या मुलाचं उघड्या छातीतलं हृदय शॉक देऊन सुरू केलं, तेव्हा वीज भिंतीतून घेतली होती. हॉस्पिटलच्या बाहेर हे मशीन पडलं ते १९६५ साली, बेलफास्टला. फ्रँक पँट्रिज यांनी ते अँब्युलन्समध्ये बसवलं, गाडीच्या बॅटऱ्यांवर, वजन सत्तर किलोच्या घरात. म्हणजे मशीन भिंतीपासून सोडवलं बॅटरीनं. आणि साठ वर्षांनी आपण त्याला परत भिंतीला बांधून ठेवतो, आणि वर पिनही लावत नाही.

आता रोजच्या चेकिंगच्या रजिस्टरबद्दल. प्रत्येक क्रॅश कार्टला एक वही लटकवलेली असते. तारीख, वेळ, टेस्ट ओके, सही. एका ठिकाणी पूर्ण महिन्याच्या टिका एकाच पेनाने, एकाच तिरकेपणाने मारलेल्या होत्या. त्या वहीप्रमाणे ३१ जूनलाही मशीन ओके होतं. मी सिस्टर इनचार्जना दाखवलं, त्यांनी कपाळावर हात मारला आणि मग आम्ही दोघी हसलो. सिस्टरांना मी दोष देत नाही. तीस बेडला दोन सिस्टर, त्यात एक शिकाऊ. पण जिथे टेस्ट खरंच होते तिथेही ती पिन लावून, कमीत कमी एनर्जीवर होते. त्याने बटणं चालतात एवढं कळतं. बॅटरीबद्दल काहीच कळत नाही. आठवड्यातून एकदा तरी पिन काढून, असं मी प्रत्येक ठिकाणी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून आलेय.

टेस्टचं अजून एक. पॅडल एकमेकांना चिकटवून शॉक देऊ नका. हवेत धरूनही नको. पॅडलच्या पत्र्यावर काळे खड्डे पडतात ते यानेच, आणि पुढे त्याच खड्ड्यांनी पेशंटची कातडी भाजते. पॅडल त्यांच्या खोबणीत नीट बसवून, मशीनच्या आतल्याच लोडवर सोडायचं, किंवा कंपनीने दिलेला टेस्ट प्लग लावायचा. टेस्ट प्लग लावला तर काढायचाही. तो केबलला तसाच राहिला आणि ऐन वेळी पॅड जोडायची शोधाशोध झाली, हेही झालेलं आहे.

पण मला खरं शिकवलं ते वेगळ्याच मशीनने. मी तेव्हा डीलरकडेच होते, नोकरीचं दुसरं वर्ष. तक्रार आली, "शॉक जात नाही. बंद करून चालू केलं तर जातो." असली तक्रार सगळ्यात वाईट. पूर्ण बंद पडलेलं मशीन प्रामाणिक असतं, अधूनमधून रुसणारं नाही. मी आयसीयूत पोचले तेव्हा डॉक्टर संतापलेले. सकाळी पेशंट व्हीएफमध्ये गेलेला, म्हणजे हृदय ठोकायचं सोडून नुसतं थरथरत होतं, मशीन दोनशेवर भरलं, दोन्ही बटणं दाबली, काही नाही. परत दाबली, नाही. ब्रदर छाती दाबत होता म्हणून निभावलं. कुणीतरी वैतागून मशीन बंद करून चालू केलं, परत भरलं, आणि शॉक गेला. पेशंट वाचला. मधला वेळ दीड मिनिट असेल, पण व्हीएफमध्ये कुणी छाती दाबली नाही तर दर मिनिटाला जगायची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी उतरत जाते, दाबली तरी उतरतेच, फक्त हळू, आणि ते दीड मिनिट त्या खोलीतल्या कुणालाच विसरता येणार नव्हतं.

मी मशीन खाली आणलं. ॲनालायझरवर वीस शॉक दिले. पन्नास ओहमच्या लोडवर दोनशे लावले की एकशे शहाण्णव, एकशे सत्याण्णव येत होते. पंधरा टक्के इकडेतिकडे चालतात, हे तर अगदी नेटकं. चार्जिंगचा वेळ ठीक. पॅडलच्या केबली पिळून, वाकवून, ओढून पाहिल्या. बटणं उघडून साफ केली. दुपारपर्यंत मला काहीही सापडलं नाही. "नो फॉल्ट फाउंड" असा रिपोर्ट लिहायला घेतला होता. लिहिला असता तर मी त्या डॉक्टरांच्या नजरेतून उतरले असते, आणि ते मशीन महिन्याभरात परत दगा देणार होतं.

मग प्रिंटरच्या खणात गुंडाळी होऊन पडलेली पट्टी दिसली. ईसीजीची पट्टी मशीन आपणहून छापतं आणि कुणी ती फाडून नेत नाही. सरळ करून टेबलावर पसरली. आदल्या संध्याकाळची एक होती. एट्रियल फिब्रिलेशनच्या, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे थरथरणाऱ्या पेशंटला कार्डिओव्हर्जन, म्हणजे ठोक्याशी जुळवून शॉक, दिलेलं. वर "सिंक" छापलेलं आणि प्रत्येक आर वेव्हच्या, म्हणजे ठोक्याच्या उंच टोकाच्या, डोक्यावर बारीक खूण. त्याच्यापुढे सकाळची पट्टी. व्हीएफची वेडीवाकडी रेघ, आर वेव्हचा पत्ता नाही, खुणा नाहीत. आणि वर अजूनही "सिंक".

झालं होतं ते एवढंच. सिंक मोडमध्ये मशीन आर वेव्हची वाट बघतं आणि तिच्यावरच शॉक सोडतं, नाहीतर चुकीच्या क्षणी शॉक पडून धडधाकट ठोकाच व्हीएफमध्ये जाऊ शकतो. पण व्हीएफमध्ये आर वेव्ह नसतेच. मग ते बटण दाबून धरा नाहीतर देवाचं नाव घ्या, मशीन आज्ञाधारकपणे वाट बघत बसतं. बहुतेक मशीन शॉक दिल्यावर आपणहून सिंकमधून बाहेर येतात, पण सेटिंग तसं ठेवलं तर काही सिंकमध्येच थांबतात. याचं तसं ठेवलेलं होतं. बंद करून चालू केल्यावर सिंक गेलं, म्हणून शॉक गेला.

मी डॉक्टरांना पट्टी दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मशीन चांगलं होतं." मी म्हटलं, "हो सर." एवढंच. मी ते सेटिंग बदललं, आणि सिंकच्या बटणाशेजारी पिवळी पट्टी चिकटवली. तेव्हापासून "शॉक गेला नाही" अशी तक्रार आली की स्क्रूड्रायव्हरच्या आधी मी प्रिंटरचा खण उघडते.

असल्या मनुष्यस्वभावाच्या तक्रारी निम्म्याहून जास्त. एकच पॅडलचं बटण दाबलं. कार्डिओव्हर्जनला बटण टचकन दाबून सोडलं, आर वेव्ह येईपर्यंत धरलं नाही. मशीन भरून ठेवलं आणि "देऊ का नको" यात वेळ गेला, तेवढ्यात मशीनने सुरक्षेसाठी सगळी एनर्जी आतल्या आत रिकामी केली, आणि मग दाबलं. जेल संपलं म्हणून सोनोग्राफीचं लावलं. दिसायला सारखंच, पण विजेला ते नीट वाट देत नाही. पॅडलवर चांगला दहा-एक किलोचा जोर लागतो, शिकाऊ डॉक्टर घाबरून नुसतं टेकवतात. चिकटवायच्या पॅडचं पाकीट आधीच फोडून ठेवलं आणि आतलं जेल वाळून कागद झालं.

आणि मशीनचे खरे आजार? आमच्या कोकणात चार महिने हवाच ओली असते. पॅडलवर राहिलेलं जेल वाळतं, बटणाच्या फटीत शिरतं, पावसाळ्यात परत ओलं होतं. बटण चिकटतं, किंवा आतला संपर्क गंजतो. ओळखायची खूण सोपी आहे. मशीनवरच्या बटणाने चार्ज होतं आणि पॅडलवरच्या बटणाने होत नाही, मग दोष पॅडलमध्ये. गुंडाळीची केबल पॅडलच्या मानेशी तुटते, बाहेरून रबर शाबूत. चार्ज करताना मान हळू हलवत राहायचं, एका कोनात मेसेज येतो आणि जातो. ऑपरेशन थिएटरमधल्या आतल्या पॅडलची, जी थेट हृदयाला लावतात आणि ज्यांना मशीन पन्नास जूलच्या वर जाऊच देत नाही, त्यांची केबल ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करून करून तडकते. तिला तर हलवूनही बघायला नको, भिंगाखाली दिसते.

याच्या पलीकडे, म्हणजे चार्जिंगचा बोर्ड, शॉक सोडणारे आयजीबीटी नावाचे स्विच, हाय व्होल्टेजचा रिले, खुद्द कपॅसिटर, तिथे मी हात थांबवते. पूर्वी नव्हते थांबवत. माझ्या सिनिअरच्या बॅगेत एक स्क्रूड्रायव्हर होता, टोकाला उंदराने कुरतडल्यासारखा खाल्लेला. मशीन बंद आहे म्हणजे कपॅसिटर रिकामा आहे, असं समजून त्यांनी एकदा तो टेकवला होता. नव्या पोरांना ते काही सांगायचे नाहीत, नुसता तो स्क्रूड्रायव्हर हातात द्यायचे. मीही आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना बॉक्स उघडायच्या आधी कपॅसिटर रिकामा करायला मोठा रेझिस्टर आणि मीटर काढायला लावते, एक हात खिशात घालायला लावते. कपॅसिटर शून्यावर आलाय हे मीटरने सांगितल्याशिवाय आत बोट नाही. आणि बोर्डाचं काम असेल तर सरळ कंपनीला कळवून बदली मशीन मागते. बदली मशीन येईपर्यंत कार्टवर "वापरू नये" चिठ्ठी लावायची आणि ऑपरेशन थिएटरमधलं मशीन आयसीयूत आणून ठेवायचं, हे आधी करायचं. बिघाड शोधणं नंतर.

इतकं सगळं लिहिलं, तर स्वतःचंही लिहायला हवं.

गेल्या पावसात एका छोट्या हॉस्पिटलात सहामाही तपासणीला गेले होते. पिन काढली, बारा शॉक मारले, सेकंद लिहिले, आकडे छान आले, स्टिकर लावला, चहा घेतला, शेवटची एसटी चुकेल म्हणून पळाले. रात्री नऊला फोन. तिथल्या झाडूपोछा करणाऱ्या मावशींनी सिस्टरकडून लावून घेतलेला. "बाय, तू त्या शॉकच्या मशीनची पिन काढून गेलीस. मी लावलीये. खालचं बटण पण दाबलंय. दिवा लागला नारिंगी. बरोबर ना?"

बरोबर होतं. मी त्यांना तीनदा बरोबर म्हटलं.

तेव्हापासून पिन काढली की तिच्या वायरला घराच्या किल्ल्यांचा जुडगा अडकवते. पिन परत पॉइंटमध्ये बसवून बटण दाबलं की मगच जुडगा सोडवायचा. मागच्या महिन्यात त्याच मावशींनी बघितलं आणि विचारलं, "किल्ल्या कशाला टांगल्यास गं?" मी म्हटलं, "तुम्हाला रात्री फोन करायला लागू नये म्हणून."